बडोद्याहून चौघांचं कुटुंब अमेरिकेला जाणार, स्वस्तात बॅगा कोणत्या घ्याव्यात?

चौघांचा एकसारखा सेट मुळीच घेऊ नका. आधी तिकिटावर बघा, माणशी किती बॅगा आणि किती किलो. इकॉनॉमीत बहुतेक वेळा एका बॅगेला 23 किलो असतात आणि लांबी, रुंदी, उंचीची बेरीज चाकांसकट 158 सें.मी.च्या आत लागते. म्हणून रिकाम्या बॅगेचं वजन दुकानातच विचारा. पाच किलोंची बॅग घेतलीत तर लाडू-चकल्यांची जागा तिनेच खाल्ली म्हणून समजा!

कडक बॅगांच्या प्लास्टिकमध्ये कमी पैशात पॉलिप्रॉपिलीन सगळ्यात बरं. दाबलं तर लवचिकपणे पूर्ववत होतं. एबीएस स्वस्त, पण आपटल्यावर तडकतं. पॉलिकार्बोनेट मजबूत, पण महाग. मंगळबाजारात घ्या किंवा ऑनलाइन, पण बॅग हाताळून बघाच: दांडा पूर्ण ओढून हलवा, खडखडला तर ठेवून द्या. मग चेन कोपऱ्यावरून दोनदा फिरवा, ती अडकते तिथेच. सफारीचा कारखाना आपल्या हालोलला आहे; व्हीआयपी, अमेरिकन टुरिस्टरही सेलमध्ये बघा. रंग मात्र काळा नको, पट्ट्यावर सगळ्याच काळ्या असतात.

कुलूप टीएसएवालंच हवं, म्हणजे अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा खात्याला आपल्या किल्लीने उघडता येणारं, नाहीतर तपासणीत तोडू शकतात. पॉवर बँक केबिन बॅगेतच. सामान असं भरा की प्रत्येक बॅगेत प्रत्येकाचा एक जोड कपडे असतील; एखादी मागे राहिली तरी मुलांचं अडत नाही. आणि काट्यावर 22 च्या वर जाऊ देऊ नका.