उपासनेत जुनी गीतं घ्यावीत की नवी?

सोलापुरातल्या तुमच्या चर्चच्या मंडळीत तरुणांना कीबोर्ड-ड्रमवरची नवी गीतं हवीत आणि ज्येष्ठांना ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातली, कुणाचं ऐकावं, असं तुम्ही विचारलंय. मी आधी एवढंच पाहीन, की सगळी मंडळी गाते का.

आज आपण जुनी म्हणतो ती गीतंही एकेकाळी नवीच होती. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-भजनाच्या वळणाची ख्रिस्ती गीतं लिहिली. ती रुजली, कारण ते वळण लोकांच्या गळ्यात आधीपासून होतं. आपल्या जिल्ह्यातच पंढरपूर आहे. एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उचलायची, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

नव्या गीतांत मोठी अडचण पट्टीची असते. रेकॉर्डिंग एका तयार गायकासाठी केलेलं असतं. तीच पट्टी धरली की वरच्या सुरांवर अर्धे लोक गप्प होतात. दोन-तीन सूर खाली घ्या. पुढच्या गायकांचे माइक कमी करा, एक कडवं वाद्यांशिवाय म्हणा. नवं गीत एका वेळी एकच घ्या आणि ते पाठ होईपर्यंत दर रविवारी गा. तेलुगू-कन्नड घरांतून आलेल्यांना छोटं, पुन्हा पुन्हा येणारं धृपद लवकर जमतं.

आणि जुनी गीतं संथ ओढू नका, कृपा करून! पेटी, तबला, झांज नीट लयीत वाजली की तरुणही मोकळ्या गळ्यानं गातात.