फुग्यावरचा काळा पट्टा कॉम्प्युटरवर

प्रश्न : तारेच्या कडीत साबणाचा पापुद्रा धरला की रंग हळूहळू खाली सरकतात, वर काळा पट्टा येतो आणि मग फट्. मुलगी म्हणते हे सगळं आता कॉम्प्युटरवर एकेक रेणू मांडून बघतात. मग तो कधी फुटणार हे आधीच का नाही सांगत?

उत्तर : लेक बरोबर बोलतेय, पण घोडं अडतं ते वेळेवर. आधी तो काळा पट्टा. तिथे पापुद्रा इतका पातळ झालेला असतो, कधीकधी जेमतेम ४-५ नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि प्रकाशाची लाट ४०० ते ७०० नॅनोमीटरची, मग पुढच्या आणि मागच्या बाजूने परत येणाऱ्या लाटांपैकी एक उलटी होऊन येत असल्याने दोघी एकमेकींना मारतात आणि आपल्याला काळं दिसतं.

एवढ्या पातळ गोष्टीत रेणू मोजता येतात, म्हणून तर सिम्युलेशनवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर नक्कल करणारे, तिच्यावर तुटून पडतात. टूथपेस्टमध्ये असतं ते सोडियम डोडेसिल सल्फेट घ्या, १२ कार्बनची शेपटी आणि सल्फेटचं डोकं. ५ नॅनोमीटर चौरस तुकड्यावर एका बाजूला साधारण ६० रेणू बसतात, डोकी आत पाण्याकडे आणि शेपट्या बाहेर हवेत, दुसऱ्या बाजूला तसेच ६०, मध्ये पाणी. तुकडा लहान आहे म्हणून कडा नकोत, तर उजवीकडून बाहेर गेलेला रेणू डावीकडून आत येतो असं धरायचं. वर-खाली रिकामी जागा सोडायची. (मी पहिल्यांदा केलं तेव्हा दाबाप्रमाणे डब्याचा आकार बदलणारा प्रेशर कंट्रोल सगळ्या दिशांना चालूच राहिला, त्याने रिकामी जागा चेपून टाकली आणि सकाळी बघतो तर पापुद्रे एकावर एक रचलेले!)

मग प्रत्येक अणूवर किती जोर आहे ते काढायचं, त्याला जरासं हलवायचं, परत जोर काढायचा. एक पाऊल २ फेमटोसेकंदाचं (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, फेमटोसेकंद त्याचाही दहा लाखावा), म्हणजे एका नॅनोसेकंदाला ५ लाख पावलं. समजा मशीन दिवसाला १०० नॅनोसेकंद काढतं, तर तुमच्या कडीतल्या एका सेकंदाला साधारण २७ हजार वर्षं लागतील, आणि तुमचा पापुद्रा तर मिनिटभरसुद्धा टिकतो. चार-चार अणूंचा एक मणी करून वेग वाढवतात, पण तरी मिनिटापर्यंत पोचत नाही. शिवाय खरा पापुद्रा वाऱ्याच्या झुळकीने, धुळीच्या कणाने, वाळल्यानेही फुटतो, त्या ५ नॅनोमीटरच्या डब्यात धूळ कुठून येणार.

स्क्रीनवर दिसतं ते वेगळंच. मधलं पाणी कमी करत गेलं की सोडियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) सल्फेटच्या डोक्यांना जाऊन चिकटतात, उरलेलं पाणी त्यांच्याभोवती अडकतं आणि साध्या पाण्यापेक्षा खूप मंद हलतं, मला तर हेच बघण्यासारखं वाटतं. आणि साबणाचे रेणू मुद्दाम फारच कमी ठेवले तर मात्र मध्येच एक भोक पडतं, ते पसरतं आणि सगळं पाणी गोळा होऊन बसतं, तेवढं फुटणं स्क्रीनवर बघायला मिळतं.