सहकारी बँकेच्या अहवालातले 'राखीव व इतर निधी' कसे वाचायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या नागरी सहकारी बँकेत तुमची ठेव आहे, शंभराचे 50 शेअर्सही आहेत. अहवालात वसूल भागभांडवल (सभासदांनी शेअर्ससाठी भरलेले पैसे) 9 कोटी आणि राखीव व इतर निधी 31 कोटी दिसतात. एवढे पैसे पडून असताना लाभांश 10 टक्केच का, आणि बँक भक्कम समजायची का?

आधी 'पडून' हा शब्द सोडा. मी अशाच एका छोट्या बँकेच्या हिशेब विभागात बावीस वर्षं काढली, आणि दर वार्षिक सभेला कुणीतरी हेच विचारायचं. हा निधी ताळेबंदात भांडवल आणि देण्यांच्या बाजूला असतो. बँक सुरू झाल्यापासून नफ्यातलं जे वाटलं नाही, त्याची ती मुख्यतः नोंद आहे. पैसे केव्हाच समोरच्या बाजूला गेले: कुणाच्या ट्रॅक्टरच्या कर्जात, कुणाच्या दुकानाच्या कॅश क्रेडिटमध्ये, काही सरकारी रोख्यांत. तिजोरीत 31 कोटी शोधायला गेलात तर सापडणार नाहीत, आणि त्यात घोटाळाही नाही.

लाभांशाचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानं दोन बंधनं घातली आहेत. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला द्यावा लागतो आणि लाभांशावर सर्वसाधारणपणे 15 टक्क्यांची मर्यादा आहे. तुमच्या बँकेला 2 कोटी 40 लाख नफा झाला, लाभांशात 90 लाख गेले, दीड कोटी मागे राहिले. माझ्या मते हे ठीक आहे.

आता त्या 31 कोटींची फोड करा. तुम्ही दिलेल्या आकड्यांत राखीव निधी 12, संशयित व बुडीत कर्ज निधी 7, पुनर्मूल्यांकन निधी 8 आणि इमारत निधी वगैरे मिळून 4 आहेत. यातले 8 कोटी बँकेनं कमावलेलेच नाहीत. बाजारपेठेतल्या जुन्या इमारतीची किंमत नव्यानं लावली, एवढंच. बुडीत कर्जाचे 7 कोटी तर आधीच खर्ची पडल्यासारखे आहेत. ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण थकलेली कर्जं, 14 कोटी, त्यातून हेच 7 वजा करून निव्वळ एनपीए 7 कोटी दाखवलाय. तोच पैसा एकदा एनपीए कमी करायला आणि पुन्हा 'आमचे निधी किती मोठे' म्हणून मिरवायला वापरता येत नाही. उरले 16. भागभांडवल धरून 25 कोटी, आणि त्यासमोर 7 कोटींचा निव्वळ एनपीए. वाईट नाही, पण 40 कोटींचं चित्रही नाही.

इथं एक अडचण आहे. पूर्वी अनेक सहकारी बँका बुडीत कर्जांसाठीची ही तरतूद खर्चात न टाकता नफा वाटणीतून करायच्या, त्यामुळे नफा फुगलेला दिसे. 2024-25 पासून रिझर्व्ह बँकेनं ती नफा-तोटा पत्रकातच खर्च म्हणून दाखवायला लावली. तेव्हा त्याआधीचा नफा आणि आताचा नफा शेजारी ठेवून लगेच 'बँक घसरली' म्हणू नका.

मला जास्त खटकतो तो दुसरा आकडा. ठेवी एका वर्षात 270 कोटींवरून 310 वर गेल्या, म्हणजे जवळजवळ 15 टक्के. मागे ठेवलेला दीड कोटी हा 25 कोटींच्या 6 टक्के. छोट्या सहकारी बँकेला शेअर बाजारात जाऊन भांडवल उभं करता येत नाही, आणि कर्जाबरोबर घ्यायला लावलेले शेअर्स कर्ज फिटलं की कर्जदार परत मागतात. टिकाऊ भांडवल वाढतं ते बहुतेक मागे ठेवलेल्या नफ्यातूनच. ठेवींच्या वाढीपुढे तो असाच कमी पडत गेला तर भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या कर्जांच्या मानानं स्वतःचं भांडवल किती टक्के) दरवर्षी थोडी थोडी खाली येईल. 100 कोटींवर ठेवी असलेल्या बँकांना ती 12 टक्क्यांपर्यंत न्यायची होती, मुदत मार्च 2026 ची. तुमच्या अहवालातला आकडा बघा.

आणि हे सगळं नफा खरा आहे असं धरून. मार्चअखेर थकलेलं खातं 'नियमित' करायला त्याच माणसाला नवं कर्ज दिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. व्याज जमा, नफा वाढला, चौथा हिस्सा निधीत गेला, लाभांशही वाटला. लाभांशाचे पैसे खरोखर बाहेर गेले, निधी मात्र नुसता कागदावर राहिला. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेनंही 2018-19 ला नफाच दाखवला होता. एचडीआयएल या बांधकाम समूहाची थकलेली कर्जं लपवलेली होती. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला 1,000 रुपयेच काढता येत होते.

राहिला तुमचा हिस्सा. 31 कोटी भागिले शेअर्स असा हिशेब इथं चालत नाही. सभासदत्व सोडलंत तर दर्शनी किमतीनं 5,000 रुपये मिळतील, निधी बँकेतच राहतो. सभासद म्हणून तो तुमचा नाही, पण ठेवीदार म्हणून तुमची उशी तोच आहे, विशेषतः ठेव विम्याच्या 5 लाखांपेक्षा जास्त असेल तर.

सभेत एकच विचारायचं असेल तर विचारा: पहिल्या वीस कर्जदारांकडे एकूण किती, आणि त्यातल्या किती खात्यांना गेल्या वर्षी नवं कर्ज दिलं? चहा-वडा यायच्या आधी विचारा, नंतर कोरम उठतो.