डबा परत पाठवणाऱ्या ताईंना

नागपूरच्या सदर भागातून एका ताईंचं पत्र आलंय. यजमान गेल्याला सात महिने झाले. यंदा ईस्टरच्या पहाटे उपासनेत सगळी मंडळी 'तो खरोखर उठला आहे' म्हणाली, यांच्या तोंडून शब्दच फुटेना. पाळकसाहेब म्हणतात, विश्वास कमी पडतोय. ताई विचारतात, तो परत कसा मिळवू? आणि शेवटी, जागा उरली म्हणून लिहावी तशी एक ओळ: 'जेवणाची चिंता नाही, सून आपल्यातली नसली तरी मनीषनगरहून डबा आणते, पण तो बहुतेकदा तसाच परत जातो.'

ताई, चार पानांत मला ही एकच ओळ दिसली.

एप्रिलच्या नागपुरी उन्हात तोंडाला ओढणी गुंडाळून ती पोरगी गाडी हाकत येते. डब्यात काय असतं? तुम्ही लिहिलं नाहीत, बहुधा झाकण उघडूनही पाहिलं नसेल. तिला आत बसवता की दारातूनच वाटेला लावता, तेही लिहिलं नाहीत. न लिहिण्यातूनच कळलं.

विश्वासाचं म्हणाल तर शिष्यांनाही बायकांनी आणलेली येशू उठल्याची बातमी वायफळ बडबडच वाटली होती. लूकच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय काढा. त्याच दिवशी दोघं जण अम्माऊसला निघाले होते, यरुशलेमपासून साधारण ११ किलोमीटर. वाटेत एक परका माणूस सोबतीला आला. त्यानं अख्खा शास्त्रलेख उलगडून सांगितला, तरी हाच येशू, ही ओळख यांना पटली नाही. संध्याकाळ झाली म्हणून त्यांनी त्याला आग्रहानं ठेवून घेतलं, जेवायला बसवलं. त्यानं भाकर मोडून हातात दिली, तेव्हा कुठे डोळे उघडले. प्रवचनानं नाही हो! आणि 'तू आमच्यातला नाहीस' म्हणून त्याला वेशीवरूनच लावून दिलं असतं तर?

यजमानांशिवाय पहिला घास उतरत नाही, हे मला कळतं. माझ्याही घरी एक खुर्ची रिकामी आहे. पण उपाशी राहून तुम्ही त्यांचा शोक पाळताय असं मला वाटत नाही. तुम्ही सुनेला शिक्षा करताय, आणि तिला बिचारीला गुन्हासुद्धा ठाऊक नाही.

तेव्हा उद्या ती आली की डबा हातात घेऊ नका, तिचा हात धरून तिलाच आत घ्या. पंखा लावा, आधी माठातलं पाणी द्या. दोन ताटं मांडा. जेवणाआधीची प्रार्थना मोठ्यानं म्हणा, तिला समजेल अशी, आणि भाकर तुम्ही मोडून तिच्या ताटात वाढा. ईस्टरचं नंतर बघू, पाळकसाहेबांचंही.

एवढं मात्र सांभाळा. पाटोडीवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, जास्त पडला असेल, तर ते पहिल्याच दिवशी बोलून दाखवू नका.