आधी दाढी, मग ईमेल

प्रश्न: मी ट्रान्स स्त्री, वय ३८. चिप डिझाइनमध्ये वरिष्ठ अभियंता आहे. पगार उत्तम, पण वातावरण जुन्या वळणाचं. ऑफिसात अजून पुरुष म्हणूनच वावरते. पुढच्या महिन्यात हार्मोन सुरू होतील. ऑफिसात कधी सांगू? की सरळ नोकरीच बदलू?

उत्तर: तारीख ठरवताना आधी दाढीकडे बघा. इस्ट्रोजेनने (स्त्री-हार्मोनने) दाढी जात नाही आणि एकदा फुटलेला आवाजही बदलत नाही. आवाजासाठी स्पीच थेरपिस्टकडे महिनोन्‌महिने सराव करावा लागतो. चेहऱ्यावरच्या लेसरची सत्रं चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने होतात आणि आठ-दहा सहज लागतात, म्हणजे जवळपास वर्ष गेलं. लेसर केसातल्या गडद रंगावर काम करतो, त्यामुळे पांढरे केस मागे राहतात. ते इलेक्ट्रॉलिसिसने, सुईने एकेक मूळ जाळून काढावे लागतात. गोची अशी की लेसरच्या आदल्या दिवशी गुळगुळीत दाढी करायची असते (केस उपटायचे मात्र नाहीत, मूळच नसेल तर लेसर कशावर पडणार?), तर इलेक्ट्रॉलिसिसआधी दोन-तीन दिवस खुंट वाढू द्यावे लागतात, नाहीतर केस चिमट्यात येत नाही. शनिवारची वेळ घेतलीत की गुरुवार-शुक्रवार खुंटांसह ऑफिस. पुरुष म्हणून वावरताना हे खपून जातं. नव्या नावाने रुजू झाल्यावर तेच खुंट नकोसे होतात. म्हणून हे काम हार्मोनची वाट न बघता सुरू करा.

छातीची वाढ साधारण तीन ते सहा महिन्यांत सुरू होते. सैल शर्ट काही काळ निभावून नेतो. आमच्या मते नऊ ते बारा महिन्यांत सांगून टाकावं. त्यापुढे लोक आपापसात ठरवून मोकळे होतात.

कंपनीचं लेखी धोरण आधी वाचा. मग सगळ्यांना सांगण्याच्या दीड-दोन महिने आधी एचआर आणि एकाच वरिष्ठाला सांगा. तारीख, नाव, टीमला कोण सांगणार आणि टॉयलेट कोणतं, हे सगळं लेखी घ्या. स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोन दाबणारं औषध) चालू असेल तर वारंवार लघवीला जावं लागतं, तेव्हा शेवटचा मुद्दा संकोचून सोडू नका. टीमला जाणारं पत्र अर्ध्या पानाचं पुरे. शस्त्रक्रियेचा उल्लेखही नको, विचारलं तरी नको.

घोटाळा माणसांपेक्षा सॉफ्टवेअर जास्त घालतं. लॉगिन जुन्या नावावरून बनलेलं असतं. ते बदललं की ईमेललाच ओळख मानणारी काही टूल्स तुम्हाला नवीन व्यक्ती समजतात, रिकामं खातं उघडतात आणि परवानग्या जातात. आयटीला सांगा: आतला क्रमांक तोच ठेवा, दिसणारं नाव आणि ईमेल बदला, जुना पत्ता नव्याकडे वळवा. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) जुन्या कमिटवरचं, म्हणजे नोंदवलेल्या बदलावरचं, नाव मेलमॅप (जुन्या-नव्या नावांची जोडणी) फाइलने नवं दिसतं, इतिहास पुन्हा लिहावा लागत नाही. मात्र ती फाइल उघडणाऱ्याला जुनं नाव तिथेच सापडतं, हे लक्षात ठेवा. पगाराच्या नोंदीतलं आणि बँक खात्यातलं नाव एकाच महिन्यात बदला. विमानाचं तिकीट मात्र पासपोर्टवर असेल त्याच नावाने.

नोकरी बदलण्याबद्दल. अमेरिकी संगणक अभियंता लिन कॉनवे याही ट्रान्स स्त्री. त्यांना १९६८ मध्ये आयबीएमने त्याच कारणाने काढलं. त्यांनी नव्या नावाने, जुनी ओळख लपवून, कंत्राटी प्रोग्रामर म्हणून सुरुवात केली आणि पुढे चिप डिझाइनची पद्धतच बदलली. आयबीएमने माफी मागितली ती २०२० मध्ये. आज इतकं लपवणं जमणार नाही: पार्श्वभूमी तपासणीत आणि जुन्या शिफारशींत नाव निघतंच. लेखी धोरण आणि पाठीशी उभा राहणारा एक वरिष्ठ असेल तर आहात तिथेच थांबा. दोन्ही नसतील तर बदला, पण कागदपत्रं आणि पदवीचं प्रमाणपत्र नव्या नावावर आल्यावर.

प्रश्न: ट्रान्स पुरुष आहे, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) घेतो. मीटिंगमध्ये आवाज घसरतोय. सहा महिने सांगायचं नाही, कसं निभावू?

उत्तर: नाही निभणार. आवाज उतरायला साधारण तीन महिन्यांपासून सुरुवात होते, आणि औषध थांबवलं तरी तो परत चढत नाही. सर्दीची सबब दोन आठवडे चालते. सांगण्याची तारीख अलीकडे ओढा, किंवा डॉक्टरांशी बोलून डोस कमी करता येईल का ते बघा. त्याने वेग मंदावू शकतो, बदल थांबत नाही.