नाव शेवटी सांग

प्रिय मास्तर,

मुलांना मूर्ती-चित्रं पाहायला शिकवायचं म्हणून थेट संग्रहालयात न्यायचं म्हणतोस, सहलीची घाई झालेली दिसते. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं मध्यवर्ती संग्रहालय, 1863 पासून आहे, तो कुठं पळून जात नाही. आधी वर्गात एक वस्तू दाखव. एक तासिका, एकच वस्तू. मोबाइलवर वीस चित्रं सरकवलीस तर पोरांच्या डोळ्यांसमोरून जत्रा निघून जाते, हाती काही लागत नाही.

सुरुवातीला मोहेंजोदडोची ती कांस्याची मुलगी घे. 1926 साली उत्खननात सापडली, आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची. उंची फक्त 10.5 सेंटीमीटर, आणि इथंच पहिली फसगत होते. फळ्यावर प्रोजेक्टरनं दाखवली की ती मुलांच्या डोक्यात कायमची माणसाएवढी होऊन बसते. म्हणून तालुक्याच्या फोटो स्टुडिओतून 4 बाय 6 इंची रंगीत प्रिंट काढ. 6 इंच म्हणजे सव्वापंधरा सेंटीमीटर, तेव्हा मूर्ती खऱ्या मापात आरामात मावते. पैसे देण्याआधी पट्टी लावून मोज. दुकानदाराचं मशीन चित्र ताणून कागदभर करतं, आणि आपल्याला वाटतं बरोबर आलं. झेरॉक्स तर मुळीच नको. कांस्य काळपट असतं, बांगड्यांचा एकच काळा ठोकळा होतो. पाच मुलांत एक प्रिंट पुरते. पाठीमागून काढलेला फोटो मिळाला तर तोही घे, मानेवरचा अंबाडा नीट पाहायला मिळतो.

मूर्तीच्या अंगावर वस्त्र नाही. पोट्टे खिदळतील. तेव्हा आधीच साध्या आवाजात सांगून टाक की जुन्या मूर्ती अशा असतात, आणि पुढं चाल. तू ओशाळलास तर तास गेलाच म्हणून समज.

आता मुख्य गोष्ट. तिचं नाव सांगू नकोस. पुस्तकात ती ‘नर्तकी’ आहे. हे नाव उत्खनन करणाऱ्या पिढीनं दिलं, मूर्तीवर काही लिहिलेलं नाही. एकदा ‘नर्तकी’ म्हटलंस की चाळीस पोरांना नाचच दिसतो. दोन मिनिटं घड्याळ लावून गप्प पाहू दे. दोन मिनिटं वर्गात फार लांब वाटतात, तूच मध्ये बोलशील, म्हणून मागच्या बाकावर जाऊन बस. मग विचार, काय चाललंय हिचं? कोणी म्हणेल, ‘हे त भांडाले उभी हाय.’ कोणी म्हणेल, ‘वाट पाहून रायली.’ दोघांनाही एकच प्रश्न कर: कशावरून? उत्तर मूर्तीतच सापडलं पाहिजे. कमरेवरचा उजवा हात, मागे कललेलं डोकं, पुढं घेतलेला वाकलेला डावा पाय. ‘शाब्बास’ म्हणू नकोस. ज्याला शाबासकी मिळते त्याचंच उत्तर सगळे पुढं म्हणत राहतात.

बांगड्या मोजायला लाव. उजव्या हातात चार, डाव्या हातात खांद्यापर्यंत 24 की 25; यावर छापील पुस्तकांचंही एकमत नाही, तेव्हा गटागटात वाद होऊ दे. यवतमाळ-वाशीमकडच्या वर्गात कोणीतरी हमखास म्हणणार, बंजारा तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांसारख्या बांगड्या आहेत. निरीक्षण उत्तम आहे, त्याला मान दे. पण सारखं दिसलं म्हणजे नातं सिद्ध झालं, असं त्यांना वाटू देऊ नकोस. मग नाव सांग, आणि विचार की तुम्ही काय नाव दिलं असतं.

दुसऱ्या तासाला ती मातीची करायला दे, बरोबर 10.5 सेंटीमीटरची. शेतातली काळी माती आणू नकोस, वाळताना आकसते आणि भेगा पडतात. कुंभाराकडची मळलेली माती आण. मूर्तीच्या हातात आधाराला तुराटीची काडी घालायचा मोह मुलांना होईल. माती आकसते, काडी आकसत नाही, म्हणून नेमकी तिथंच चीर जाते. न घालता केली तर कमरेवरचा हात गळून पडतो, कारण कोपर आणि अंग यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. पडू दे. आता सांग की मूळ मूर्ती मेणाची करून, वर मातीचा लेप देऊन, तापवून मेण काढून टाकून त्या पोकळीत धातू ओतून घडवली. गडचिरोलीच्या पलीकडं बस्तरात ढोकरा कारागीर आजही मेण वितळवूनच ओततात. धातू तो बारीक हात पेलतो. हातातली माती तुटल्यावर हे जितकं पटतं तितकं सांगून पटत नाही.

मग खुशाल नागपूरला ने. दगडी मूर्तींच्या दालनात एकच काम दे: मूर्ती कुठं तुटली ते शोधा. नाक, हात, बोटं, अंगापासून सुटं कोरलेलं जे काही असेल ते. आठ-आठचे गट कर, चाळीस पोरं एका मूर्तीपुढं उभी केलीस तर मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात. प्रत्येक गटाला तीन मूर्ती, दहा-दहा मिनिटं. पेन्सिल दे, पेन नको. हात का लावायचा नाही तेही सांग, नाही तर तो नुसता दरडावा होतो: घाम आणि तेल दगडाला, धातूला खातं. महाराजबागेतलं प्राणिसंग्रहालय आणि रमण विज्ञान केंद्र त्याच दिवशी कोंबू नकोस, माकडांपुढं मूर्ती टिकत नाही. सुट्टीचा वार आधी फोनवर विचारून घे.

चित्र घ्यायचं तर रविवर्म्याची ‘हंस-दमयंती’ घे. 1899 चं तैलचित्र, तिरुवनंतपुरमला आहे. दमयंती विदर्भाची राजकन्या, म्हणून मुलं आनंदानं गोष्ट सांगायला लागतील. धोका इथं उलटा आहे, गोष्ट ठाऊक असली की डोळे थांबतात. हंसाची गोष्ट नंतर. आधी विचार, तिची नजर कुठं आहे, अंगाचा भार कशावर आहे?

तान्हा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मुलांना आपापला लाकडी नंदी आणायला सांग. चाक कुठं झिजलंय, रंग कुठं उडालाय, हात कुठं लागतो ते पाहून एकेक चिठ्ठी लिहू दे: वस्तू, लाकूड कोणतं, उंची सेंटीमीटरमध्ये, घडवणारा सुतार कोण. नाव सगळ्यात खाली. हे कापूस वेचणीच्या आत उरकून घे, नंतर निम्मा वर्ग शेतात असतो.

तुझा,
जुना मास्तर