दुकानातून शेल्टरला मदत करायचीय, पण कशी? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कुत्रं-मांजर दत्तक घेण्यावर लिहिलं होतं, आणि त्यावर आलेली निम्मी पत्रं निघाली दुकानदारांची. बेकरीवाले, किराणावाले, एक पेट शॉपवाले, एक सलूनवाल्या ताई. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच, घरात प्राणी ठेवणं जमत नाही, पण धंदा आहे, चार माणसं रोज दारात येतात, तर गावातल्या शेल्टरला, म्हणजे बेवारस कुत्र्या-मांजरांना सांभाळणाऱ्या जागेला, आपण काही करू शकतो का. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्यांचेच घेतलेत. नावं छापत नाही.

ताई, आमची साताऱ्यात बेकरी आहे. रोज पाव, खारी, केकचे तुकडे उरतात ते शेल्टरला द्यायचा विचार आहे. शिवाय दिवाळीच्या आठवड्यात बेकरीचा वर्धापनदिन असतो, तेव्हा दुकानासमोर ॲडॉप्शन कॅम्प ठेवून दहाएक पिल्लं आणावीत आणि पिल्लू नेणाऱ्याला केक फ्री द्यावा असं मुलगा म्हणतोय. चालेल का?

मुलाचा उत्साह छान आहे, पण यातलं बरंच काही बदलावं लागेल, रागावू नका.

आधी उरलेल्या मालाचं. पाव उरतो म्हणून द्यायचा, ही शेल्टरची सोय नाही, आपली सोय आहे. साधा पाव विषारी नसतो, पण नुसतं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. केकच्या तुकड्यांत मनुका असतात, चॉकलेट असतं, पॅटिसमध्ये कांदा-लसूण असतो, आणि हे सगळं कुत्र्याला बाधतं. मनुकांनी किडनी जाऊ शकते. शुगर-फ्री म्हणून जे विकता त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, असेल तर ते फारच वाईट. आता शेल्टरमधला माणूस शंभर तोंडांचं जेवण उरकताना तुमच्या पिशवीतून मनुका वेचत बसणार आहे का? तिथे सहसा एका मोठ्या पातेल्यात भात, चिकन, भोपळा, चिमूटभर हळद असं मीठ न घालता शिजवतात, तेव्हा महिन्याला तांदळाचं एक पोतं ठरलेल्या तारखेला पोचवलंत तर ते रोजच्या पिशवीपेक्षा कितीतरी कामाचं. रिकामं गोणपाट असेल तर तेही द्या, थंडीत अंथरायला लागतं.

आता कॅम्प. दहा पिल्लं हा आकडाच मला खटकला. पिल्लांना पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर देतात, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, ते सोळा आठवड्यांपर्यंत चालतं. मधल्या काळात त्यांना पार्व्हो होण्याची भीती असते. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो, चपलेला चिकटून येतो, आणि तुमचा फुटपाथ म्हणजे गावभरच्या चपला. कॅम्पमध्ये पिल्लू या हातातून त्या हातात फिरतं, आणि आठवड्याभरात उलट्या नि रक्ताचे जुलाब सुरू. नेणाऱ्या घरातली पोरं रडतात, शेल्टरला शिव्या पडतात, बेकरीचं नाव खराब होतं ते वेगळंच. म्हणून ज्यांचं लसीकरण पुरं नाही अशी पिल्लं बाहेर आणायचीच नाहीत. त्यांचे मोठे फोटो लावा, खाली शेल्टरचा नंबर, बस.

प्रत्यक्ष आणायची तर दोन किंवा तीन मोठी कुत्री आणा, नसबंदी आणि लसी झालेली, माणसात रुळलेली. तुम्ही म्हणाल मोठं कुत्रं कोण घेणार? अहो हाच तर सगळा घोळ आहे, शेल्टर मोठ्या कुत्र्यांनी भरलेलं असतं आणि येणारा प्रत्येक जण पिल्लू मागतो, त्यातही काळं नको असतं. खरं तर मोठ्या कुत्र्याचा स्वभाव कळलेला असतो, उंची किती वाढणार हा प्रश्न नसतो, बूट-चपला चावायचं वय सरलेलं असतं. दुकानात रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाने त्याला दहा मिनिटं शांत बसलेलं बघितलं की मत बदलतं, हे मी अनेक कॅम्पमध्ये पाहिलंय. सावली, पाणी, संध्याकाळची वेळ, आणि डीजे-फुगे काही नको. कुत्री बाहेर मांडवात ठेवा, बेकरीच्या आत, जिथे खायचं बनतं तिथे अजिबात नाही.

आणि केक फ्री? नको हो. पिल्लू ही स्कीम नाही. काय होतं ना, पोरगं हट्ट धरतं, आई म्हणते घेऊया, बाबा मोबाईलमध्ये, आणि घरी आजीला काहीच माहीत नाही, मग तिसऱ्या दिवशी शेल्टरला फोन की आमच्याने होत नाही, घेऊन जा. त्यामुळे त्याच दिवशी प्राणी हातात द्यायचाच नाही. फॉर्म भरून घ्या, भाड्याचं घर असेल तर मालकाची संमती घ्या, घरातले सगळे एकदा शेल्टरला जाऊन त्या कुत्र्याला भेटू देत, मग शेल्टरची माणसं घर बघून येतील. केक द्यायचाच तर सहा महिन्यांनी, कुत्र्याचा लसींचा कागद दाखवायला येतील तेव्हा द्या. दिवाळीचा आठवडा तर सोडूनच द्या, फटाक्यांत नवीन कुत्रं नवीन घरातून दार उघडं दिसताच पळतं. वर्धापनदिन साजरा करा, कॅम्प जानेवारीत घ्या.

काउंटरवर दानपेटी ठेवली तर लोक म्हणतात पैसे हाच खातो. काय करू? (किराणा, बार्शी)

लोक म्हणणारच, म्हणून पेटी तुमची नकोच. शेल्टर चालवणारी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का ते बघा, असेल तर त्यांचीच सीलबंद पेटी मागा आणि क्यूआर कोडही संस्थेच्या खात्याचा लावा, स्वतःच्या यूपीआयचा चुकूनही नको. पेटी उघडायला त्यांचा माणूस यावा, दोन गिऱ्हाइकांसमोर मोजावी, आणि पावती तिथेच भिंतीला चिकटवावी. पावत्यांची रांग दिसायला लागली की तोंडं बंद होतात.

तुम्ही किराणावाले म्हणून एक जादा गोष्ट. लोक शेल्टरला द्यायला म्हणून तुमच्याकडून फिनेलचे कॅन नेतात. मांजरं असतील तिथे फिनेल नको, मांजराच्या लिव्हरला त्यातलं फिनॉल हे रसायन पचवता येत नाही, पायाला लागलेलं ते चाटतात आणि आजारी पडतात. शेल्टरला विचारा, बऱ्याच ठिकाणी सोडियम हायपोक्लोराइट लागतं, म्हणजे आपलं ब्लीच, पार्व्हो मारायलाही तेच उपयोगी. दुकानात एक पाटी लावा, या महिन्यात शेल्टरला काय हवंय, आणि ती दर महिन्याला त्यांना फोन करून बदला.

देणगी दिली तर टॅक्स वाचतो ना? आणि सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च, आम्हाला लागू होतो का? (हार्डवेअर, नाशिक)

संस्थेकडे ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, मान्यता असेल तर देणगीच्या साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते, त्यालाही उत्पन्नाच्या हिशेबाने मर्यादा आहे. पण तीन गोष्टी लोक विसरतात. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिलीत तर वजावट नाही. वस्तू दिल्यात, पत्रे, पाइप, सिमेंट, तर त्यावरही नाही. आणि तुम्ही नव्या कर प्रणालीत असाल तर ही वजावट मुळातच मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबरही वेगळे आहेत, त्यामुळे सीएला विचारूनच करा. शेल्टरच्या पत्र्यावर दुकानाचं नाव रंगवून ते जाहिरात खर्चात बसतं का हेही त्यालाच विचारा.

सीएसआरची सक्ती कंपन्यांना आहे, तीही ज्यांची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी आहे त्यांना. तुम्ही त्यात नसाल असं धरून चालते. पण तुम्हाला माल देणारी मोठी कंपनी असेल, आणि प्राणी कल्याण हा विषय सीएसआरच्या यादीत आहे, तेव्हा त्यांच्या सेल्समनच्या कानावर घालून ठेवा.

आणि खरं सांगू का, हार्डवेअरवाल्याने टॅक्सकडे न बघता एक दिवस प्लंबर पाठवला तरी शेल्टरवाले दुवा देतील. पिंजऱ्यांच्या लाद्या धुतलेलं पाणी तुंबणं हा तिथला रोजचा वैताग असतो.

आमच्या दुकानासमोर चार कुत्री बसतात. आम्ही शेल्टरला देणगी दिली तर ते घेऊन जातील का? (मोबाईल शॉप, पिंपरी)

नाही, आणि असा सौदा करूही नका. २०२३ च्या ॲनिमल बर्थ कंट्रोल नियमांप्रमाणे रस्त्यावरचं कुत्रं नेऊन नसबंदी आणि रेबीजची लस करून परत त्याच जागी सोडायचं असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आधी दिल्लीतली कुत्री शेल्टरमध्ये ठेवा असं म्हटलं, मग ११ दिवसांनी ते बदललं, रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडून बाकीची लस-नसबंदी करून परत जागेवर सोडा म्हणून. नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटल, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणांसाठी वेगळा आदेश आला, तिथली कुत्री नेऊन परत तिथेच सोडायची नाहीत. तुमचं दुकान काही बस स्टँड नाही.

तुमच्या चौघांचे कान बघा. एका कानाला व्हीसारखी खाच असेल तर नसबंदी झालेली आहे. नसेल तर महापालिकेला कळवा, किंवा त्या चौघांच्या ऑपरेशनचा खर्च उचला. तो एकदाच करायचा असतो. चार नवीन कुत्री येण्यापेक्षा ही चार ओळखीची बरी. मुंबईत टाटांच्या मुख्यालयाचं, बॉम्बे हाऊसचं, २०१८ मध्ये नूतनीकरण झालं तेव्हा रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी आत वेगळी खोलीच केली, तुम्हाला तेवढं कोणी सांगत नाहीये, शटरच्या बाजूला पाण्याचं भांडं पुष्कळ झालं.

वडील म्हणतात हे सगळं अमेरिकन फॅड आहे, व्यापाऱ्याने धंदा करावा. (कापड दुकान, कोल्हापूर)

वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि १८३२ ची मुंबई सांगा. इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचं ठरवलं, शिपाई घराघरात शिरून कुत्री मारायला लागले, तेव्हा पारशी भडकले, दंगल झाली, हिंदू नि जैन व्यापारीही सामील झाले, दुकानं बंद, सगळा व्यवहार ठप्प. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाईंनी पुढाकार घेऊन पांजरपोळ, म्हणजे बेवारस जनावरांचा आसरा, सुरू झाला, भुलेश्वरजवळ, आजही त्या भागाला सी. पी. टँकच्या बाजूला पांजरपोळ म्हणूनच ओळखतात. पांजरपोळ चालायचे कशावर? व्यापारी आपल्या मालावर थोडा लाग, म्हणजे छोटीशी पट्टी, बसवून तो पैसा तिकडे वळवायचे. परळचं बाई साकरबाई पेटिट जनावरांचं हॉस्पिटल १८८३ चं, गिरणीमालक दिनशा पेटिट यांच्या पैशातून झालेलं, बायकोच्या नावाने. म्हणजे धंदेवाल्याने हे करायची रीत आपल्याकडचीच आहे, अमेरिकेची नाही.

माझं ठाण्यात पेट शॉप आहे, पिल्लं विकतो. हल्ली पोरं येऊन 'विकू नका, दत्तक द्या' म्हणून ऐकवतात. पोटाचं काय? (पेट शॉप, ठाणे)

ऐकवणाऱ्यांचा सूर मलाही कधी कधी आवडत नाही, पण मुद्दा बरोबर आहे. आणि तुमच्यासाठी माझ्याकडे उपदेश नाही, हिशेब आहे. पिल्लू एकदा विकलं जातं, पण कुत्रं दहा-बारा वर्षं खातं, पट्टा लागतो, शाम्पू लागतो, गोचिडाचं औषध लागतं. अमेरिकेत पेटस्मार्टसारखी मोठी साखळी कुत्री-मांजरं विकत नाही, दुकानातली जागा शेल्टरला देते, तिथून प्राणी घरी गेला की पहिलं सामान माणूस तिथूनच नेतो. १९९४ पासून त्यांची वेगळी संस्थाच हे बघते. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून दुकानात कुत्री, मांजरं, ससे ठेवायचेच असतील तर ते शेल्टर किंवा प्राणी वाचवणाऱ्या रेस्क्यू संस्थेकडूनच आणावे लागतात, असा कायदा आहे.

आपल्याकडे २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे तुम्हाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी नसेल तर तो विषय आधी मिटवा. मग पिल्लांचे दोन पिंजरे काढून तिथे शेल्टरच्या दोन मांजरांसाठी नीट मोठी, वर चढायला फळ्या असलेली जागा करा. मांजर दुकानात कुत्र्यापेक्षा बरं रुळतं. सोबत पहिल्या महिन्याचं खाणं सवलतीत द्या. उत्पन्न पहिल्या महिन्यात पडेल हे धरून चाला, वर्षाने मला कळवा.

माझं छोटं सलून आहे, द्यायला पैसे नाहीत. (कराड)

टॉवेल आहेत ना? झिजलेले, डाग पडलेले, तुम्ही टाकून देता ते. ऑपरेशन झालेल्या कुत्र्याखाली तेच घालतात, आणि शेल्टरला ते कधीच पुरत नाहीत. गरम पाण्यात धुऊन, क्लिपा-पिना नीट काढून द्या. वर्तमानपत्रांची रद्दीही द्या. आरशाच्या कोपऱ्यात एका मोठ्या कुत्र्याचा फोटो लावा, नाव-वय-स्वभाव लिहून, कारण तुमच्याकडे माणूस अर्धा तास हलता येत नाही असा बसतो आणि समोरच बघतो, ही सोय बेकरीवाल्याकडेही नाही. फक्त आधी शेल्टरला फोन करून विचारा, तो फोटोतला कुत्रा अजून तिथेच आहे ना.